दुर्बिणीची फिरकी

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारते. तुमच्या गावच्या शाळेत दुर्बीण आहे का? बऱ्याच शाळांत असते. कुणा माजी विद्यार्थ्यानं भेट दिलेली असते, कधी देणगीतून आलेली असते. आता दुसरा प्रश्न. ती शेवटची बाहेर कधी काढली होती? याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "ती बिघडलीय हो." मग ती कपाटाच्या वरच्या खणात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं, खोक्यात पडून असते.

मी शिलाईचं काम करते. मशीन बिघडलं की तालुक्याला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून ते घरीच उघडायला शिकले. तोच स्क्रू ड्रायव्हर पुढं शाळेच्या दुर्बिणीला लागला. आजवर आजूबाजूच्या गावांतल्या पाच-सहा दुर्बिणी माझ्या हाताखालून गेल्या. त्यातल्या एकीचं भिंग फुटलेलं होतं, तिला मी काही करू शकले नाही. बाकी सगळ्यांचं दुखणं एकाच जागी होतं. त्या जागेला फोकसर म्हणतात. दुर्बिणीची नळी पुढं-मागं सरकवून चित्र स्पष्ट करायचा तो भाग. तो घरी कसा दुरुस्त करायचा, ते आज सांगणार आहे.

आधी हा भाग एवढा महत्त्वाचा का, ते ऐका. दुर्बिणीसमोर मुलांची रांग लागते. गुरुजी किंवा बाई आधी स्वतः पाहून चित्र स्पष्ट करून ठेवतात. मग एकेक मूल येतं, डोळा लावतं, आणि विचारलं की म्हणतं, "दिसलं." पण गुरुजींचा डोळा आणि त्या मुलीचा डोळा सारखा नसतो. कुणाला लांबचं कमी दिसतं, कुणाला जवळचं. आपल्या शाळांतली साधी दुर्बीण घ्या, मागं वीस मिलिमीटरचं नेत्रभिंग लावलेली. उणे तीन नंबरचा चष्मा असलेली मुलगी चष्मा काढून पाहायला लागली, तर तिच्यासाठी ती नळी साधारण सव्वा मिलिमीटर आत सरकवावी लागते. सव्वा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तिळाच्या जाडीएवढं अंतर. तेवढं सरकवलं तर तिला चंद्रावरचे खड्डे दिसतील, नाही सरकवलं तर धुकट पांढरा गोळा. आणि फोकसर अडकलेला असला की ती बिचारी धुकट गोळ्यालाच "दिसलं" म्हणून बाजूला होते. मागं रांग असते, लाज वाटते, दुसरं काय म्हणणार?

म्हणून मी म्हणते, दुर्बीण प्रत्येकीच्या डोळ्याची व्हायची असेल, तर फोकसर मऊ फिरला पाहिजे आणि फिरवायचा थांबलं की जागेवर थांबला पाहिजे. एवढ्या दोनच गोष्टी. आपली आजची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठी आहे.

आता त्याची रचना समजून घेऊ. ज्यांनी कंदील वापरलाय त्यांना हे एका वाक्यात कळेल. कंदिलाची चावी फिरवली की वात वर येते, उलटी फिरवली की खाली जाते. आत बर्नरमध्ये छोटी दातेरी चाकं असतात, ती वातीला धरून सरकवतात. फोकसर अगदी तसाच. वातीच्या जागी एक नळी. नळीच्या खालच्या अंगाला एक दातेरी पट्टी चिकटवलेली किंवा स्क्रूनं बसवलेली. त्या पट्टीत अडकणारं एक छोटं दातेरी चाक. चाक एका आडव्या दांडीवर, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना दोन गोल फिरक्या. कानातल्याला फिरकी असते ना, तिचीच मोठी बहीण समजा. ही दांडी खालून एका लहान पत्र्यानं दाबून धरलेली असते. पत्र्याला दोन किंवा चार स्क्रू. हा पत्रा किती दाबलाय, त्यावर फिरकी घट्ट की सैल ते ठरतं. शिलाई मशीनच्या दोऱ्याचं टेन्शन जसं एका स्क्रूवर असतं, तसंच.

याशिवाय फोकसरच्या वरच्या बाजूला हातानं फिरवायचा एक वेगळा स्क्रू असतो. तो नळी जागेवर पक्की करायचा. हा लक्षात ठेवा, कारण अर्ध्या तक्रारी इथंच संपतात.

उघडायच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली हीच. वरचा स्क्रू आवळलेला आहे का? कुणीतरी आवळून ठेवतं, दुसरं कुणीतरी फिरकी जोरानं फिरवतं आणि "अडकली" म्हणून सोडून देतं. तो स्क्रू दोन आटे सैल करा आणि मग फिरकी फिरवून बघा.

दुसरी गोष्ट. नळीत आधी काटकोनात वळलेला आरशाचा भाग बसतो आणि त्याच्यावर नेत्रभिंग. तो काटकोनी भाग खोक्यात राहिला आणि नेत्रभिंग सरळ नळीत घातलं, तर बऱ्याच दुर्बिणींत चित्र स्पष्टच होत नाही. कारण त्या काटकोनातून यायला उजेडाला साधारण सात-आठ सेंटीमीटर वाट चालावी लागते. तो भाग काढला की तेवढी नळी आणखी बाहेर यायला हवी, आणि तेवढी ती येत नाही. इथं बिघाड काहीच नाही. खोकं नीट शोधा.

तिसरी गोष्ट अंतराची. शाळेतल्या पुष्कळ लहान दुर्बिणींचं पुढचं भिंग सत्तर मिलिमीटर रुंदीचं आणि सातशे मिलिमीटर नाभीय अंतराचं असतं. हे आकडे नळीवर लिहिलेले असतात. अशा दुर्बिणीतून चंद्र पाहायला नळी जिथं असते, तिथून शंभर मीटरवरचं झाड पाहायला ती अर्धा सेंटीमीटर बाहेर काढावी लागते. वीस मीटरवरच्या झाडासाठी अडीच सेंटीमीटर. आणि दहा मीटरवरची समोरची भिंत पाहायची म्हटलं तर पाच सेंटीमीटरहून जास्त. म्हणून वर्गाच्या दारातून समोरच्या भिंतीवरची पाटी दिसत नाही, यावरून दुर्बीण बिघडली असं ठरवू नका. लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाईलचा टॉवर बघा. पण एक बजावून सांगते, सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला दुर्बीण दिवसा कधीही वळवायची नाही. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मग तपासायचं. दुर्बिणीतून सूर्य एका क्षणासाठी जरी डोळ्यात आला, तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. काही जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रभिंगाला लावायची एक काळी काच येते, "सूर्यासाठी" म्हणून. ती उन्हानं तापून अचानक तडकते. अशी काच सापडली तर फोडून टाका, कुणाच्या हाती लागू देऊ नका.

ही तीन कारणं नसली, तर फोकसर उघडायचा. पण दुर्बीण शाळेची आहे, आपल्या घरची नाही. म्हणून मुख्याध्यापकांना विचारूनच काम करायचं, आणि साहित्याच्या रजिस्टरात नोंद करून घ्यायची. दुर्बीण नवी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर उघडायचीच नाही. इथं एक सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाबरोबर दुर्बिणीचा विषयही काढा. "ती कपाटात का आहे?" एवढंच विचारा.

आता तयारी. दिवसा, उजेडात, पंखा बंद करून बसायचं. एक मोठी परात घ्यायची आणि तिच्यात जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा अंथरायचा. बारीक स्क्रू पांढऱ्या कापडावर दिसतो आणि परातीबाहेर घरंगळत नाही. फुलीच्या तोंडाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर हवा. तो स्क्रूच्या खाचेत गच्च बसला पाहिजे. सैल बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं जोर केला की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. जुना टूथब्रश, सुती चिंध्या, भांड्यांचा साबण, मेडिकलच्या दुकानात मिळणारं थोडं स्पिरिट आणि थोडं ग्रीस. फोन असेल तर प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा. जोडताना तोच फोटो आपला गुरू.

दुर्बीण स्टँडवरून काढून घडी घातलेल्या गोधडीवर आडवी ठेवा. पुढच्या भिंगाचं झाकण लावा. नेत्रभिंग आणि काटकोनी भाग काढून स्वच्छ डब्यात झाकून ठेवा. काचेला बोट लावायचं नाही. आता फिरकी फिरवून नळी शक्य तेवढी आत घ्या. खालचा पत्रा कुठल्या बाजूनं बसलाय ते पेन्सिलीनं खूण करून ठेवा, कारण काही पत्रे उलटे बसवले तरी बसतात, पण मग फिरकी नीट फिरत नाही.

पत्र्यावर अंगठा ठेवून स्क्रू काढा. सगळे स्क्रू निघाले की पत्रा हळूच उचला. खाली कागदाची, प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची एखादी बारीक पट्टी दिसेल. तिला कचरा समजून फेकू नका. दांडी नेमक्या उंचीवर राहावी म्हणून ती कारखान्यातच घातलेली असते. मग दोन्ही फिरक्यांसह दांडी उचलून परातीत ठेवा. आता नळी मागच्या बाजूनं हलक्या हातानं ओढा. बऱ्याच दुर्बिणींत ती पूर्ण बाहेर येते. काहींत आत अडथळा असतो, तिथं जोर करू नका, जेवढी बाहेर येईल तेवढीच साफ करा.

दांडी हातात आली की तिची तपासणी करा. एक फिरकी धरून दुसरी फिरवा. एक थांबलेली आणि दुसरी फिरतेय, असं झालं तर ती फिरकी दांडीवर सैल आहे. "फिरकी फिरते पण नळी हलत नाही" या तक्रारीचं हे एक कारण. काही फिरक्यांच्या कडेला बारीक स्क्रू असतो, तो आवळायचा. काही नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्या काढून आत डिंकासारखं चिकटणारं चांगलं सोल्यूशन लावून परत बसवायच्या. आता चाकाचे आणि पट्टीचे दात उजेडात बघा. दातांत वाळू, वाळलेलं ग्रीस, कधी एखादा किडा अडकलेला असतो. सलग दोन-तीन दात तुटलेले असतील, तर मात्र पट्टी बदलावी लागेल. एखादाच दात टवका उडालेला असेल तर काम चालतं.

आता सफाई. नव्या दुर्बिणीतसुद्धा कारखान्यात भरलेलं ग्रीस फार चिकट असतं, आणि दोन-चार वर्षांत त्यात धूळ मिसळून ते गुळाच्या पाकासारखं ओढ घ्यायला लागतं. फिरकी जड होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. आधी कोरड्या चिंधीनं जेवढं निघेल तेवढं पुसा. मग नळी आणि दातेरी भाग धातूचे असतील, तर टूथब्रशला थोडं स्पिरिट लावून घासा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून चूल, गॅस आणि उदबत्ती लांब. भाग प्लास्टिकचे असतील तर स्पिरिट, पेट्रोल, थिनर यातलं काही नको. प्लास्टिक तडकतं किंवा चिकट होतं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. धुतलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचा नाही. फोकसरचा जो भाग दुर्बिणीला जोडलेलाच आहे, तो आतून फक्त किंचित ओल्या चिंधीनं पुसायचा, पाणी आत ओघळू द्यायचं नाही.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. पुष्कळ दुर्बिणींची नळी आत सैल असते. फिरकी फिरवली की चित्र एका बाजूला उडी मारतं. चंद्र मध्यावर आणावा, फिरकी फिरवावी आणि चंद्र गायब. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण पाचर मारतो. इथंही पाचरच, पण कागदासारखी पातळ. आणि ती कुठं लावायची, ते चुलीला विचारा. चुलीला तीन दगड का? तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही. दातेरी चाक नळीला खालून वर ढकलतं, तो एक दगड. मग वरच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन पट्ट्या नळीच्या लांबीला धरून आतून चिकटवायच्या. घड्याळाची कल्पना करा, चाक सहावर असेल तर पट्ट्या दहा आणि दोनवर. आधीपासून तिथं मखमलीच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, झिजलेल्या. त्या काढून नव्या लावा. पातळ प्लास्टिकच्या फाईलची चिंचोळी पट्टी चालते, ब्लाउजला लावायची बारीक मखमली फीत चालते. एक थर लावा, नळी घालून बघा, लागला तरच दुसरा लावा. नळी डुगडुगायची थांबली पाहिजे, पण बोटानं ढकलली तर सरकली पाहिजे.

आता ग्रीस. साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढं. बस्स. एक दाणा चाकाच्या दातांना, एक दाणा पट्टीवर पसरून. सायकलच्या दुकानात मिळणारं साधं ग्रीस चालतं, पांढरं ग्रीस मिळालं तर आणखी चांगलं. जिथं नळी पट्ट्यांवर घासते तिथं नुसतं बोट फिरवल्याइतकं. घरातलं तेल घालायचा मोह होतो, तो टाळा. गोडेतेल धुळीबरोबर चिकट होतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे थंडीच्या रात्री, नेमकं आकाश स्वच्छ असतं तेव्हाच फिरकी अडकायची. आणि शिलाई मशीनचं तेल? ते मशीनला अमृत आहे, पण इथं नको. ते पातळ असतं, ओघळून काचेपर्यंत जातं. मशीनला धाव हवी असते, म्हणून तिला तेल. दुर्बिणीच्या नळीला सरकायचं असतं आणि थांबायचंही असतं, म्हणून तिला ग्रीस.

जोडणी करताना फोटो समोर ठेवा. नळी आत घाला, दातेरी पट्टी बरोबर खालच्या फटीसमोर आली पाहिजे. दांडी ठेवा, चाकाचे दात पट्टीच्या दातांत बसल्याचं बोटाला कळतं. ती बारीक पट्टी विसरू नका. पत्रा ठेवून सगळे स्क्रू आधी नुसते हातापुरते लावा. मग पाव आटा एक, पाव आटा त्याच्या समोरचा, असं तिरपं करत आवळत जा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर पत्रा तिरका होतो, आणि फिरकी एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल लागते.

घट्टपणा किती ठेवायचा? त्याची परीक्षा सांगते. दुर्बीण स्टँडवर चढवा, काटकोनी भाग आणि नेत्रभिंग लावा, वरचा पक्का करायचा स्क्रू सैलच ठेवा, आणि दुर्बिणीचं तोंड जवळजवळ सरळ वर आकाशाकडे करा. ही परीक्षा घरात किंवा संध्याकाळी उन्हं गेल्यावर करायची. नळी आपोआप खाली घसरली, तर पत्र्याचे स्क्रू पाव आटा आवळा. मग फिरकी फक्त अंगठा आणि एका बोटानं फिरवा. मनगटाचा जोर लागला, तर पाव आटा सैल करा. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, जिथं नळी घसरतही नाही आणि फिरकी जडही लागत नाही. दोऱ्याचं टेन्शन लावताना वरची आणि खालची टीप सारखी यायची जागा आपण शोधतो ना, तोच हात इथं चालतो. ज्या बाईनं मशीनवर सुती आणि रेशमी दोन्ही कापडं शिवलीत, तिला ही जागा सापडायला पाच मिनिटं लागत नाहीत.

रात्री शेवटची तपासणी. एखादा ठळक तारा मध्यावर घ्या आणि फिरकी हळूहळू फिरवा. तारा आधी गोल चकतीसारखा दिसेल, मग लहान होत होत टिंब होईल, आणि पुढं फिरवलं की परत चकती. टिंबाच्या थोडं पुढं जायचं आणि मागं यायचं, म्हणजे नेमकी जागा कळते. चकती दोन्हीकडे गोल दिसली तर काम झालं. ती तिरकी, लांबट दिसली तर नळी तिरकी बसलीय, पट्ट्या परत बघा.

आता कुठं थांबायचं, तेही सांगते. पुढचं मोठं भिंग त्याच्या कड्यातून काढायचं नाही. ती बहुतेक दोन काचांची जोडी असते, त्यांचं आपसातलं अंतर आणि बाजू ठरलेली असते. नेत्रभिंगही उघडायचं नाही. काचेवर बुरशीचे धागे दिसले किंवा आरशाची दुर्बीण असून आरसा काळवंडला असेल, तर जाणकाराला दाखवायची. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, अशी हौशी आकाशनिरीक्षकांची मंडळं बऱ्याच शहरांत आहेत, त्यांना विचारता येतं. आपल्या हातात आहे ती फोकसरची दुरुस्ती, आणि दुर्बीण कोरडी ठेवणं. दव पडलेली दुर्बीण तशीच खोक्यात भरायची नाही. झाकण न लावता घरात वाळू द्यायची, मग झाकायची. नव्या चपलांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची पुडी येते, ती ओल शोषते. अशा चार पुड्या दुर्बिणीच्या खोक्यात टाका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खोकं उघडून हवा द्या. आणि फिरकी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, म्हणजे ग्रीस जागेवर बसून राहत नाही.

काही जणी म्हणतील, हे बायकांचं काम आहे का? इंग्लंडमध्ये कॅरोलिन हर्शेल नावाची बाई होऊन गेली. ती १७५० साली जन्मली. तिचा भाऊ विल्यम घरीच दुर्बिणी बनवायचा. आरसा ओतायला साचा लागायचा, आणि तो घोड्याच्या लिदीचा करायचे. ती लीद कुटायची आणि चाळायची. शेणात हात घालणाऱ्या आपल्याला यात काही नवल नाही! त्याच बाईनं १ ऑगस्ट १७८६ च्या रात्री स्वतः एक धूमकेतू शोधून काढला. पुढं एकूण आठ शोधले. राजानं तिला वर्षाला पन्नास पौंड पगार सुरू केला. सुरुवात लीद चाळण्यापासून झाली होती. तेव्हा फिरकीला ग्रीस लावण्यात कमीपणा कसला?

मैत्रिणींनो, या सगळ्या कामाला एक दुपार लागते आणि खर्च म्हणाल तर ग्रीस आणि स्पिरिटचा, बाकी सगळं घरातलंच. पण ही दुपार लवकर काढा. यंदा सातवीत असलेली मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाईल. दुर्बीण शाळेतच राहील, पण तिची वेळ निघून गेलेली असेल.

दुर्बीण सुरू झाली की पहिल्या रात्री अर्धा चंद्र असेल असा दिवस निवडा. अष्टमीच्या आसपास. पौर्णिमेला चंद्र नुसता झगझगतो, खड्डे उठून दिसत नाहीत. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या पडलेल्या दिसतात. आणि रांग लावाल तेव्हा एकच नियम करा. प्रत्येक मुलीनं, प्रत्येक आजीनं फिरकी स्वतः फिरवायची. "दिसलं का?" असं विचारू नका. "काय दिसलं ते सांग," असं विचारा. जी गप्प राहील, तिचा हात धरून फिरकीवर ठेवा आणि तिला वेळ द्या. मागच्यांनी थांबायचं.

तुमच्या गावच्या दुर्बिणीला काय झालंय, ते आपल्या केंद्राला कळवा. फिरकी फिरते की नाही, नळी घसरते की नाही, एवढं लिहिलंत तरी पुरे. जमेल तेवढ्यांना पुढच्या भाषणात उत्तर देईन.